चढावर लावलेली गाडी

मुळशी तालुक्यात असताना तपासाला आलेलं ते प्रकरण मी विसरलेलो नाही, आणि विसरावं असं मला वाटतही नाही. आता निवृत्त होऊन घरी बसलो आहे. तरीही पावसात उभी असलेली गाडी दिसली की माझी नजर आधी तिच्या समोरच्या काचेखाली जाते आणि मग ती कोणत्या बाजूला कललेली आहे ते मी बघतो. घरचे हसतात. हसू देत. एवढ्याशा गोष्टीवर एका निरपराध पोराचं सगळं आयुष्य अडकलं होतं. यात कोणाचंही नाव मी लिहिणार नाही. ज्यांना ओळखायचं आहे ते ओळखतील.

दसरा होऊन आठवडा झाला होता. परतीचा पाऊस चिकटून बसला होता. पिरंगुटच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाणारी एक बाई संध्याकाळी बसमधून उतरून रिहे खोऱ्याच्या रस्त्याने गावाकडे चालली होती. मागून आलेल्या गाडीने तिला उडवलं. गाडी थांबली नाही. बऱ्याच वेळाने दुधाचा टेंपो आला, त्याच्या दिव्यात ती रस्त्याच्या कडेला दिसली. दवाखान्यात पोहोचण्याआधी ती गेली. जागेवर आम्हाला हेडलाइटच्या काचा मिळाल्या आणि पांढऱ्या रंगाचा एक टवका. बाकी सगळं पावसाने धुऊन नेलं. पाऊस सकाळपर्यंत थांबला नाही.

सकाळी ठाण्यात फोन आला. ठाणे अंमलदाराने नाव विचारलं, समोरच्याने सांगितलं नाही. "पिरंगुटच्या बाजारात किराणा दुकानाच्या गल्लीत पांढरी गाडी हाय. डावा दिवा फुटलाय. डायवर आतून गाडी धुतोय. लवकर जावा, न्हाईतर काय सापडायचं न्हाई." एवढं बोलून फोन बंद.

आम्ही गेलो तेव्हा गाडी तिथेच होती. डावा दिवा फुटलेला, बंपर डाव्या बाजूला आत गेलेला. पंचविशीचा एक पोरगा डाव्या बाजूच्या सीटसमोर, पाय ठेवायच्या जागेत गुडघे टेकून बसला होता. हातात फडकं, बाजूला बादली. बादलीत गढूळ पाणी. आम्हाला बघून तो उठला, पण पळाला नाही.

"काय चाललंय?"

"पाणी शिरलंय सायेब गाडीत. काढतोय."

"दिवा कसा फुटला?"

"मला न्हाई म्हाईत. म्हणजे, मालक म्हणलं डुक्कर आडवं आलं."

मी त्याला जीपमध्ये बसवलं. बाजार भरायला लागला होता. दुकानाच्या ओट्यावर त्याचे वडील उभे होते. पिरंगुटमध्ये त्यांची तिसरी पिढी किराणा विकत होती, सगळा बाजार त्यांना चाचा म्हणायचा.  गर्दीतून कोणीतरी बोललं, "असलीच पोरं असतात ही." त्या 'असली'चा अर्थ तिथल्या प्रत्येकाला कळला होता. मला आजही त्या शब्दाची चीड आहे. गुन्हा अजून कागदावर यायचा होता, आणि जातधर्म बघून निकाल लागला होता.

गाडीचा मालक दुपारी स्वतःहून ठाण्यात आला. रिहे खोऱ्यातला जुना जमीनदार माणूस. निम्मी जमीन विकून उरलेलीवर फार्महाऊस बांधलेली, शनिवार-रविवार पुण्याच्या लोकांना भाड्याने द्यायची. बोलणं गोड, बसणं ऐसपैस.

"साहेब, गाडी काल संध्याकाळपास्नं त्याच्याकडंच. मी घरी होतो. सकाळी फोन लावला, आरं गाडी कुटं हाय? तर म्हणला, आणतो. आता मला काय म्हाईत त्यानं काय करून ठेवलंय!"

पोराचा जबाब बरोबर उलटा. संध्याकाळी गाडी मालकाच्या फार्महाऊसवर लावून, किल्ली देऊन, तो बसने घरी आला. सकाळी मालकाचा फोन आला, "ये, गाडी घेऊन जा, रात्री डुक्कर आडवं आलं, दिवा बसवून आण." तो गेला आणि गाडी घेऊन आला. आत पाणी साचलेलं दिसलं म्हणून उपसायला बसला.

फोन झाला होता हे दोघांना मान्य, पण डुकराचं आपण बोललोच नाही असं मालक ठासून सांगत होता, आणि फोनवरचं बोलणं कोणत्याही यंत्रात नव्हतं. खोऱ्यात रेंज तुटक, दोघांचेही मोबाईल एकाच टॉवरवर दिसत होते. बसच्या कंडक्टरला पावसातल्या गर्दीतला चेहरा आठवत नव्हता. कारखान्याच्या कॅमेऱ्यात नुसते दिवे आणि पाऊस. शेजारी दारं लावून बसलेले. गाडी रात्री गल्लीत नव्हती असं सांगणारे दोघंच, आई आणि बाप. आईबापाची साक्ष कोर्ट किती धरतं हे मला माहीत होतं.

उरली ती ओली गाडी. त्याने पुरावा धुतला, असं सगळे म्हणत होते. गेलेल्या बाईचा भाऊ गावातल्या लोकांना घेऊन ठाण्याच्या फाटकाशी उभा होता. त्याचा संताप खरा होता.

"सायेब, आमी हितनं हालणार न्हाई. त्याला कोर्टात न्या, न्हाईतर आमच्या ताब्यात द्या."

चोवीस तासांत पोराला कोर्टापुढे उभं करायचं होतं. वरून फोन आला, "अहो, इतकं सरळ प्रकरण आहे, कशाला घोळ घालताय?" ठाण्यातला एक जुना सहकारी दाराशी येऊन हळूच म्हणाला, "साहेब, अर्धा तास माझ्याकडं द्या. पोपटासारखा बोलेल."

मी त्याला बाहेर पाठवलं. मार खाऊन माणूस खरं बोलतो, हे आमच्या खात्यातलं सर्वांत जुनं खोटं आहे. मार खाल्लेला माणूस मारणाऱ्याला हवं ते बोलतो. मग ते कागदावर येतं, खाली त्याची सही येते, आणि खरा गुन्हेगार घरी जेवतो. माझ्या ठाण्यात हे मी चालू दिलं नाही, आणि त्याबद्दल मला कोणाचं प्रशस्तिपत्र नको होतं.

पहिला धागा आमच्या हवालदार बाईंनी पकडला. जप्त केलेली गाडी ठाण्याच्या आवारात, पत्र्याखाली उभी होती. बाई डावं दार उघडून वाकल्या, रबराचं पायपुसणं उचललं, खालच्या कार्पेटचा कोपरा ओढला आणि मला हाक मारली.

"साहेब, हात घाला इथं."

कार्पेटखाली जाड फोम असतो. तो दाबला तसं बोटांमधून पाणी वर आलं. वरचं कार्पेट नुसतं ओलसर.

"मी घरी सतरंज्या धुते," बाई म्हणाल्या. "वरून पाणी ओतलं तर आधी वरचं भिजतं. हे तर खालनं भिजत आलंय. आणि मागच्या सीटखाली बघा, कोरडं ठणठणीत. धुणारा माणूस एकच कोपरा कशाला धुवेल?"

"म्हणजे गळती?"

"गळतीच. कुठनं ते मला विचारू नका."

रासायनिक तपासणीसाठी फोमचा तुकडा पंचांसमोर काढला, सील केला. पण त्याचा अहवाल यायला वेळ लागणार होता आणि कोर्ट उद्यावर होतं. मी बाजारातल्या गॅरेजवाल्याला बोलावलं. हा गडी हाताने कमी आणि तोंडाने जास्त काम करायचा.

"धडकेनं काच हाललीय साहेब. बघायची गरजच न्हाई. फटीत सिलिकॉनची एक नळी मारतो, विषय संपला."

"विषय मी संपवणार. तू फक्त पाणी मार. आणि खालून वर मारायचं. एकदम वरून ओतलंस तर सगळीकडून ओघळेल, कुठून शिरलं ते कळणार नाही."

एवढं मला माझ्या स्वतःच्या घराच्या स्लॅबने शिकवलं होतं. आतल्या ओल्या जागेत आम्ही कोरडे वर्तमानपत्राचे कागद पसरले. हवालदार बाई टॉर्च घेऊन आत बसल्या. बाहेरून पाइपने आधी दाराचा उंबरा भिजवला, मग दाराचं रबर, मग काचेच्या कडा, मग टप. प्रत्येक वेळी पाणी थांबवून बाईंना विचारायचं.

"आलं?"

"नाही."

"आता?"

"कोरडं."

काच हललेली नव्हती. सिलिकॉनवाल्याने नळी पिशवीत परत टाकली. शेवटी बॉनेटच्या वरच्या टोकाला, वायपरच्या बुडाशी पाइप धरला. बराच वेळ धरला. पाणी पुढे इंजिनवरून खाली पडत राहिलं. आत कागद कोरडेच.

फाटकातून हे सगळं लोक बघत होते. कोणीतरी हसलं. "बघा, गळत न्हाई. धुतलीच हाय त्यानं."

 पोराला वाचवेल म्हणून केलेली चाचणी त्याच्याच विरुद्ध गेली होती, तीही पंचांसमोर. मी ती नोंदवून घेतली. जे घडलं ते लिहायचं. आपल्याला नको असलेली गोष्ट गाळली की तपास तिथेच मेला.

मग पोराला पुन्हा समोर बसवलं. तो बोलणं बदलत नव्हता.

"गाडी गळत नाही. आत्ता बघितलं आम्ही."

"कधी गळती सायेब, कधी न्हाई गळत."

माझ्या सहकाऱ्याने टेबलावर हात आपटला. "गाडी काय तुझ्या लहरीवर गळती व्हय रं?"

"थांबा," मी म्हणालो. "कधी गळते, कधी नाही. बरं. कुठं असली की गळते?"

पोरगा पहिल्यांदा थांबून विचार करायला लागला. कोणी त्याला हे विचारलंच नव्हतं.

"आमच्या गल्लीत कधी न्हाई गळली. मालकाच्या दारात लावली की गळती. दसऱ्यापास्नं तीनदा पाणी काढलं मी. त्याआधी कधीच न्हाई."

"मालकाच्या दारात कशी लावतोस?"

"तितं लई चढ हाय. तोंड वर करून लावायची. आनि डाव्या अंगाला जरा कलती."

"आणि गल्लीत?"

"गल्ली वढ्याकडं उतरती. तोंड खाली."

ठाण्याचं आवार सपाट. मी खुर्चीतून उठलोच. गॅरेजवाल्याला बॉनेट उघडायला लावलं. समोरच्या काचेखाली, वायपरच्या मागे जाळी असते. तिच्याखाली आडवी पन्हळ असते. काचेवरून आलेलं पाणी त्या पन्हळीत पडतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून खाली जमिनीवर जातं. जाळी काढायला मी मनाई केली. नुसती टॉर्च मारली. डाव्या टोकाला पिवळट काळपट लगदा बसला होता. झेंडूच्या पाकळ्या, आपट्याची पानं, सुतळीचे धागे.

दसऱ्याला आमच्याकडे प्रत्येक गाडीची पूजा होते. बॉनेटवर झेंडूचा हार चढतो, आणि पुष्कळ घरांत तो हाताने काढत नाहीत. वाळून आपोआप पडेपर्यंत राहू देतात. कोरड्या दिवसांत त्याने काही बिघडत नाही. पण त्या वर्षी वरून पाऊस कोसळत होता. पाकळ्या कुजून जाळीतून खाली गेल्या आणि भोक बुजलं.

आता चित्र सरळ झालं. गाडीचं तोंड खाली असेल किंवा ती सपाटीवर असेल, तर तुंबलेलं पाणी पुढच्या बाजूने इंजिनवर सांडतं. तोंड वर असेल तर पुढे सांडायला वाटच नाही. ते मागे, काचेच्या बाजूला साचतं, आणि तिथेच बाहेरची हवा आत घेणाऱ्या पंख्याचं तोंड असतं. तिथून ते थेट डाव्या सीटसमोर उतरतं. म्हणजे गाडी ओली होती याचा अर्थ, रात्रभरच्या पावसात ती चढावर तोंड करून उभी होती.

पण मला पटणं पुरेसं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कोर्टात मी जे आहे ते सांगितलं, तपास अपुरा आहे म्हणालो. पोराला एक दिवसाची कोठडी मिळाली. तो पिंजऱ्यात उभा असताना गेलेल्या बाईच्या भावाने माझ्याकडे बघितलं ते मी अजून विसरलेलो नाही.

कोर्टातून आलो ते थेट चाचांच्या गल्लीत. सोबत गाडी, दोन पंच, पाण्याचा टँकर. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला दुकानाचा ओटा. गाडी उलटी आत घालून बघितली, तर चालकाचं दार भिंतीला टेकलं. माणूस बाहेर येणं अशक्य. म्हणजे त्या गल्लीत गाडी एकाच पद्धतीने लागते, तोंड उताराकडे, आणि पंचनाम्यातही ती आम्हाला तशीच सापडल्याची नोंद होती. तासभर पाणी मारलं. आत कोरडं.

चाचा ओट्यावरून बघत होते. त्यांच्या दुकानात एकही गिऱ्हाईक नव्हतं.

"सायेब, एक इचारू? गाडी गळली तर माझं पोरगं सुटल का न्हाई गळली तर?"

"इथं गळायला नको, चाचा. तिथं गळायला पाहिजे."

"आसं व्हय," ते म्हणाले. त्यांना काही कळलं नव्हतं, पण त्यांनी वर आभाळाकडे बघितलं.

फार्महाऊसवर मालक हसतमुखाने सामोरा आला. चहा ठेवायला सांगितला. मी चहा घेतला नाही.

"गाडीची पूजा दसऱ्याला इथेच झाली?"

"व्हय की. माझ्याच हातानं."

"मग मधे कोणी साफ केली असेल, हार काढला असेल?"

"छ्या! पूजेचा हार काढायचा नसतो साहेब. डायवरला मी बजावून ठेवलं हुतं, हात लावशील तर बघ."

"त्या रात्री गाडी इथे नव्हती?"

"आता किती वेळा सांगू? न्हवती."

मी गाडी त्याच्या दारातल्या नेहमीच्या जागेवर चढवायला सांगितली. तोंड वर. चाकं थांबली तशी गाडी डाव्या अंगाला कलली. हवालदार बाई आत बसल्या, कागद पसरले, आम्ही काचेवर पाणी सोडलं. मालक पडवीतल्या खांबाला टेकून बघत होता. सुरुवातीला काहीच झालं नाही. पंचांपैकी एकाने घड्याळ बघितलं. गॅरेजवाला माझ्या कानाशी आला, "साहेब, सिलिकॉन..." मी त्याच्याकडे बघितलं तसा तो मागे सरकला.

"साहेब," आतून बाईंचा आवाज आला. "थेंब."

मग दुसरा. मग धार लागली. बाईंनी कागद उचलून बाहेर धरला, तो भिजून फाटला आणि त्यावर पिवळट डाग होता.

मी मालकाकडे वळलो. मोठ्याने बोलायची गरज नव्हती. "तुमच्या गाडीत पाणी फक्त याच जागी शिरतं. त्या रात्री ती इथेच उभी होती. कोणी आणली ती इथं?"

तो खांब सोडून खाली पायरीवर बसला. 

"मला डुक्करच वाटलं हुतं," तो म्हणाला.

डुकराची गोष्ट आपण बोललोच नाही, असं त्याने दोन दिवस छातीठोकपणे सांगितलं होतं. पोराच्या जबाबातलं ते वाक्य खरं होतं हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगून टाकलं. पोलिसांसमोरची कबुली कोर्टात चालत नाही, हे वाचकांनी लक्षात ठेवावं आणि ते योग्यच आहे. चालते ती त्याने काढून दिलेली वस्तू. घरामागच्या खताच्या खड्ड्यातून त्याने पंचांसमोर बंपरचा तुटका तुकडा आणि दिव्याची उरलेली काच काढून दिली. रस्त्यावरच्या काचेला ती तंतोतंत जुळली. सकाळचा निनावी फोनही त्याच्याच माणसाने त्याच्या सांगण्यावरून केला होता, हे पुढे निघालं. आधी ड्रायव्हरला गाडी न्यायला लावायची आणि मग पोलिसांना त्याच्या दारात पाठवायचं. रस्त्यावर पडलेली बाई बघूनही तो निघून गेला, आणि घरी येऊन शांतपणे एवढा विचार करू शकला. मला तपासात सर्वांत जास्त राग या शांतपणाचा आला.

पंचनामा संपल्यावर गॅरेजवाल्याने जाळी काढली. लगदा नमुना म्हणून सील केला, भोकातून तार घातली आणि पाणी भळकन खाली गेलं. इतकी सोपी दुरुस्ती. गडी तरीही म्हणालाच, "भोक सिलिकॉननं कायमचं बुजवू का? परत त्रास न्हाई." पाणी जायची वाटच बुजवायला निघालेला तो माणूस बघून हवालदार बाई पोट धरून हसल्या. त्या दोन दिवसांत ठाण्यातलं कोणीतरी पहिल्यांदा हसत होतं.

गेलेल्या बाईचा भाऊ ठाण्यात आला. त्याने हात जोडले नाहीत, आणि जोडावेत अशी माझी अपेक्षाही नव्हती. "मग परवा सगळ्या बाजारासमोर त्या पोराला का उचललं?" एवढंच त्याने विचारलं. मी म्हणालो, संशयाला जागा होती म्हणून. तो म्हणाला, "आनि आता?"

त्या दोन शब्दांनी मला कामाला लावलं. कोर्टाच्या हुकमाने पोरगा सुटला तेव्हा रीत अशी की बापाने येऊन, सही करून घेऊन जायचं. मागच्या दाराने, मान खाली घालून. मोबाईलवरच्या गावगटांत त्याचा फोटो अजून फिरत होता, खाली नाही नाही ते लिहिलेलं. आम्ही त्याला दिवसाढवळ्या, भरल्या बाजारातून, सरकारी जीपमधून नेलं होतं. सुटकेचा कागद कोण वाचणार होतं?

मी वर्दी चढवली. पोराला जीपमध्ये पुढे, माझ्या शेजारी बसवलं. बाजार भरलेला होता. त्याच रस्त्याने, हळूहळू, जीप चाचांच्या दुकानापर्यंत नेली. लोक थांबले. मी उतरलो, पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "चाचा, तुमचा मुलगा आणून सोडतोय. याने काही केलेलं नाही. ज्याने केलं तो कोठडीत आहे." मग ओट्यावर पोत्यावर बसलो.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक एकमेकांकडे बघत होते. पोरगा आत गेला, आईचं रडणं ऐकू आलं. चाचा तराजूपाशी उभे होते. मी तिथून उठत नव्हतो. उठलो असतो तर ते सगळं कागदावरचं सुटणं राहिलं असतं.

बऱ्याच वेळाने एक म्हातारी पुढे आली आणि जीपला हाताने ढकलल्यासारखं करत मला म्हणाली, "सायबा, ही तुजी गाडी काड की म्होरनं. वाट आडवलीया. चाचा, आरदा किलो साकर दे, आनि बगून दे, मागच्या खेपंला मुंग्या हुत्या."

"मुंग्या तुज्या डब्यातल्या, मावशे," चाचा म्हणाले आणि त्यांनी माप हातात घेतलं.

मी आमच्या ड्रायव्हरला जीप बाजूला घ्यायला सांगितली. त्यानंतर नोकरीत जितकी माणसं निर्दोष सुटली, त्यांतल्या प्रत्येकाला ज्या रस्त्याने आणलं त्याच रस्त्याने मी घरी नेऊन सोडलं. काही वरिष्ठांनी याला नाटक म्हटलं. खऱ्या गुन्हेगाराला पकडणं हे आमचं निम्मं काम आहे. चुकीच्या माणसाला जिथून उचललं तिथे सगळ्यांसमोर परत ठेवणं हे उरलेलं निम्मं, आणि ते कोणत्याही नियमावलीत लिहिलेलं नाही, म्हणून तर ते करायलाच हवं.